लेक दिवसभर बाहुल्या नटवते की गोष्टी लिहिते? (गाचा लाइफ आणि त्यातली मुलं)

उंबरठा

लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं, शेवटी आज धागा काढतेच. माझी लेक ११ वर्षांची. टॅबवर तिच्याकडे 'गाचा लाइफ' नावाचा गेम आहे, त्यात मोठ्ठ्या डोक्याच्या आणि एवढ्याशा अंगाच्या बाहुल्या असतात, त्यांचे केस बदल, डोळे बदल, कपडे बदल, हातात तलवार दे, हे तासन् तास चालतं. मला आधी वाटलं ठीक आहे, आपण कागदाच्या बाहुल्यांना कागदाचे फ्रॉक घालायचो, ही स्क्रीनवर घालते. महिन्याभरात कंटाळेल. दीड वर्ष झालं, नाही कंटाळली.

परवा दप्तर आवरताना तिची एक रफ वही सापडली, मागून पुढे भरत आणलेली. "सीन १, सीन २" करत चक्क ४६ सीन. प्रत्येकापुढे कोण कुठे उभं, चेहरा कसा, कोण काय बोलतं. गोष्ट तशी साधी आहे, दोन बहिणी, थोरली घर सोडून गेलीये आणि तिची फक्त पत्रं येतात. ती थोरली अख्ख्या गोष्टीत एकदाही दिसत नाही. शेवटच्या सीनला धाकटी दार उघडते आणि तिथेच संपतं, बाहेर कोण उभं आहे ते दाखवलेलंच नाही. मी वही हातात घेऊन पलंगावर बसून राहिले. दहा ओळींचा निबंध लिही म्हटलं तर हिच्या पोटात दुखायला लागतं हो.

तिला विचारलं तर म्हणाली असं खूप मुलं करतात, गोष्टी बनवून व्हिडिओ टाकतात, एकमेकांच्या गोष्टीत पात्रं पाठवतात. (ती स्वतः अजून कुठे टाकत नाही, फक्त मावसबहिणीला दाखवते.) तर हे नक्की काय प्रकरण आहे? कुणाला अनुभव? टॅब काढून घ्या हा सल्ला घरातून फुकट मिळालेला आहे, वेगळं काहीतरी सांगा.

अर्धवटराव

गाचा म्हणजे कोणाचा? गा-चा. 'गा'ची विभक्ती षष्ठी.

मी निघतो, शाळेत असाच मार खाल्लाय.

खडूस_काका

ताई रागावू नका पण आपल्या पोराचं पोरकटपण आपल्याला प्रतिभाच वाटते. कपडे बदलणं हा खेळ आहे, लेखन नव्हे. तयार डोळे, तयार केस, तयार पार्श्वभूमी, सगळं आयतं! यात मुलाने केलं काय? चित्र काढायचं असेल तर कागद द्या, गोष्ट लिहायची असेल तर कागद द्या. दोन्हीला कागदच लागतो.

उंबरठा

काका, गोष्ट कागदावरच सापडली की. तेच तर सांगतेय.

अर्धवटराव

काका आउट.

निळी_शाई

धागा वाचून अंगावर काटा आला, कारण २०१९ मध्ये मी १३ वर्षांची होते आणि या गेममध्ये गळ्यापर्यंत बुडलेली होते. त्यामुळे जरा लांबण लागेल, सॉरी.

आधी थोडं माहितीचं. गाचा लाइफ लुनाइम नावाच्या कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढला. त्याआधी त्यांचाच गाचा स्टुडिओ होता, नंतर २०२० मध्ये गाचा क्लब आला आणि २०२३ मध्ये गाचा लाइफ २. नाव जपानी 'गाचापोन'वरून. मूठ फिरवली की खेळणं असलेली गोळी बाहेर पडते ती मशिनं असतात ना, गाचा म्हणजे मूठ फिरवल्याचा आवाज आणि पोन म्हणजे गोळी पडल्याचा. अशा नावाच्या बऱ्याच गेममध्ये चांगली वस्तू नशिबाने लागते आणि मुलं पैसे उडवत बसतात. पण गाचा लाइफमध्ये नशिबाचा भाग नुसता भेटवस्तू गोळा करण्यापुरता आहे. कपडे, केस, डोळे, सगळं कपाट पहिल्या दिवसापासून उघडं. आणि गेम नेट नसतानाही चालतो. ज्या मुलांच्या हातात घरातला जुना फोन येतो आणि डेटा मिळत नाही त्यांना याचं महत्त्व विचारा.

आता खरी गंमत. त्यात एक स्टुडिओ मोड आहे. पात्रं मांडायची, पोझ द्यायची, मागे चित्र लावायचं आणि संवादाच्या फुग्यात आपलं वाक्य टाइप करायचं. तो फुगाच सगळ्याच्या मुळाशी आहे असं मला वाटतं. नटवून झालेली बाहुली तुमच्याकडे बघत उभी असते आणि तिच्या तोंडाशी रिकामा फुगा. काहीतरी बोलायला लावल्याशिवाय चैन पडत नाही. एकदा बोलली की समोर कुणीतरी ऐकायला हवं. दुसरं आलं की भांडण. भांडण आलं की गोष्ट सुरू!

मग आम्ही करायचो काय तर एकेका पोझचा स्क्रीनशॉट, आणि ते सगळे काइनमास्टर या व्हिडिओ एडिटिंगच्या ॲपमध्ये एकापुढे एक लावून गाणं टाकायचो. याला जीएलएमएम म्हणतात, गाचा लाइफ मिनी मूव्ही. नुसतं गाण्यावर असेल तर जीएमव्ही. स्वतः घडवलेल्या पात्राला ओसी. माझ्या पाच मिनिटांच्या एका व्हिडिओला तीन आठवडे लागले होते आणि तो ६१ जणांनी बघितला, त्यातले निम्मे मीच असेन.

मोरपीस२२

ओसी म्हणजे ओरिजिनल कॅरॅक्टर ना? माझा भाचा दिवसभर "माझा ओसी, माझा ओसी" करत असतो, मला वाटलं कुठलं सर्टिफिकेट पाहिजे याला.

मास्तरीण

निळी_शाई, फुग्याचा मुद्दा फार आवडला. मी भाषा शिकवते, पाचवी ते आठवी, त्यामुळे यात जरा पोटतिडकीने बोलतेय.

निबंधात मुलं का अडतात? विषय आमचा असतो, वाचणारी मी एकटी, आणि वाचून मी लाल पेनच चालवणार हे त्यांना आधीच ठाऊक असतं. इथे पात्र त्यांचं, वाचणारे त्यांच्याच वयाचे, आणि पुढचा भाग कधी म्हणून मागे लागणारे. शिवाय फुग्यात जागा थोडी. लांबलचक वाक्य मावतच नाही, त्यामुळे तोडून लिहावं लागतं. माझ्या वर्गातली एक मुलगी संवाद इतके नेमके लिहायची की मी विचारलं कुठे शिकलीस, तर लाजत लाजत या गेमचं नाव घेतलं. लाजत का, तर वर्गात "गाचावाली" म्हणून चिडवतात.

काका, 'आयतं' म्हणालात त्यावर थोडं. रंग आयते असतात म्हणून चित्र आयतं होत नाही. ज्याला चित्र काढता येत नाही पण डोक्यात माणसं गर्दी करून उभी असतात अशा मुलाने काय करायचं? हात वळेपर्यंत थांबायचं? तोवर ती माणसं निघून जातात.

खडूस_काका

मास्तरीणबाई, मी थांबलो होतो. माझी माणसं निघून गेली नाहीत, फक्त म्हातारी झाली.

बरं, एक प्रामाणिक प्रश्न. धागा वाचून मी काल रात्री तासभर हे व्हिडिओ बघितले. दहांतल्या सात गोष्टी एकच! घरात सगळे जिला छळतात ती मुलगी खरी राजकन्या निघते. उरलेल्या तिनांत वर्गातला मवाली मुलगा पुस्तकी किड्याच्या प्रेमात पडतो. याला सर्जनशीलता म्हणायचं?

अर्धवटराव

काका एक तास बघत बसले ही यातली सगळ्यात मोठी बातमी आहे. 😂

निळी_शाई

हाहा काका, गाण्याची जुगलबंदी नाही का लागली तुम्हाला? ती तर हवीच. छळलेली मुलगी स्टेजवर जाते आणि सगळ्यांचे हिशोब गाण्यात चुकते करते, शाळेत मारामारी कुणी करतच नाही, सगळे गाऊनच सोडवतात. सिंगिंग बॅटल म्हणतात त्याला. आणि 'रिॲक्ट' प्रकार, एखाद्या गेममधली पात्रं आपलंच भविष्य पडद्यावर बघताहेत आणि "हे मी करणार??" म्हणून हादरताहेत.

हो, साचे आहेत, आणि आम्हालाही ते माहीत होतं. आमचे आम्हीच त्यावर टिंगलीचे व्हिडिओ करायचो. पण साचा असला की सुरुवात कशी करू हा प्रश्न उरत नाही. मी पहिल्यांदा राजकन्याच केली. दुसऱ्यांदा राजकन्येने राजवाड्यात जायला नकार दिला. तिसऱ्यांदा मी छळणाऱ्या बहिणीच्या बाजूने सांगितली आणि तिथे पहिल्यांदा एका अनोळखी मुलीने खाली लिहिलं की मला ही वाईट बहीण आवडली. मी तो स्क्रीनशॉट अजून ठेवलाय.

पिक्सेलपंडित

काका, तुमच्या भाषेत सांगायचं तर ही समस्यापूर्ती आहे. शेवटची ओळ दिलेली, आधीच्या ओळी ज्याने त्याने आपापल्या जुळवायच्या. या मुलांच्यात 'मीम' म्हणतात ते अगदी हेच असतं. एक गाण्याचा तुकडा, ठरावीक हालचाली, आणि प्रत्येकजण त्यात आपला ओसी घालून बघतो. तुकडा तोच असतो, म्हणून तर कुणी काय बदललं ते लगेच डोळ्यांत भरतं.

आणि हे काही २०१८ मध्ये आकाशातून पडलेलं नाही. जपानमध्ये १९९१ साली किसेकाए सेट सिस्टिम, थोडक्यात 'किस' म्हणून बाहुलीचा प्रोग्रॅम आला होता. किसेकाए म्हणजे कपडे बदलणे. प्रत्येक कपडा वेगळ्या थरावर, माउसने ओढून बाहुलीवर ठेवायचा, आणि लोक आपापले संच बनवून वाटायचे. १९९६ पासून क्वेक खेळणाऱ्यांनी गोळीबाराच्या त्या गेममध्येच छोट्या फिल्म करायला घेतल्या, गेमची पात्रं नट म्हणून वापरायची आणि रेकॉर्ड करायचं, पुढे त्याला मशिनिमा हे नाव पडलं. मग २००० मध्ये द सिम्स, माणसांचं घर-संसार चालवायचा गेम. त्यात फॅमिली अल्बम होता, आपल्या कुटुंबाचे फोटो काढून खाली ओळी लिहायच्या. करणाऱ्यांना वाटलं असेल लोक घराचे फोटो ठेवतील. लोकांनी त्यात खून, घटस्फोट, सावत्र आया, सगळं रचून अल्बमच्या कादंबऱ्या केल्या. एका फोटोसाठी चार दिवस माणसं हव्या त्या मूडमध्ये आणत बसायचो आम्ही.

म्हणजे बाहुली आणि गोष्ट यांचं जुनंच आहे. गाचा लाइफने एवढंच केलं की बाहुली, मागचं चित्र आणि फुगा तिन्ही एका फोनमध्ये आणि फुकट दिलं. त्यामुळे जे आधी कॉलेजची पोरं करायची ते दहा वर्षांची मुलं करायला लागली.

मोरपीस२२

"आम्ही" 👀 पंडितजी सापडले.

पिक्सेलपंडित

हो. माझ्या अल्बममध्ये पाच लग्नं आणि एक आग होती. पुढचा प्रश्न विचारा.

सावध_पालक

सगळं गोड गोड चाललंय म्हणून मीच वाईटपणा घेतो. उंबरठाताई, काळजी घ्या. याच बाहुल्या वापरून अश्लील व्हिडिओही बनतात, 'गाचा हीट' या नावाने ते ओळखलं जातं, आणि बनवणारे-बघणारे बरेचदा वयाने लहानच. गेममध्ये तसं काही नाही, पण व्हिडिओंच्या साइटवर एकातून दुसरं सुचवलं जातं आणि मूल नको तिथे पोचतं. माझ्या मुलाच्या बाबतीत झालंय. १० वर्षांचा होता. पंधरा दिवस आमच्या नजरेला नजर देत नव्हता, शेवटी त्यानेच सांगितलं. आम्ही घाबरून गेम उडवला आणि त्याचे दोन वर्षांचे ओसी त्याबरोबर गेले. आता वाटतं व्हिडिओ बंद करायला हवे होते, गेम नव्हे. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आम्ही. त्याने पुन्हा कधी काही बनवलं नाही, आम्ही विचारलंही नाही.

दुसरं म्हणजे गेमच्या बदललेल्या आवृत्त्या, मॉड. गाचा नॉक्स, गाचा क्यूट वगैरे. ते चाहत्यांनी केलेले असतात, कंपनीचे नाहीत, आणि त्यांच्या नावाने खोट्या फाइलीही फिरतात. कुठून उतरवताय ते बघा.

निळी_शाई

सावध_पालक, दादा, तुम्ही लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. खरंच आहे सगळं. आमच्यातली मोठी मुलंमुली त्याविरुद्ध सतत व्हिडिओ करायची, रिपोर्ट कसं करायचं ते धाकट्यांना सांगायची. पण धाकट्यांना सांभाळणारे म्हणजे १५ वर्षांचे. त्यांना कोण सांभाळणार?

चांगली बाजू एक होती, चेहरा दाखवायची गरज नसायची. माझं नाव, शाळा, गाव, काहीच कुणाला माहीत नव्हतं, सगळे मला माझ्या ओसीच्या नावाने ओळखायचे. तुमच्या मुलाला विचारून बघा ना एकदा. ओसी गेले असले तरी नावं लक्षात असतात. मला माझ्या वीसही जणांची पाठ आहेत.

मास्तरीण

वीसच का?

निळी_शाई

गाचा लाइफमध्ये पात्रांना स्लॉटच २०. एकविसावं हवं असेल तर कुणाला तरी पुसायचं. आमच्या गोष्टींत मधेच माणसं मरायची त्याचं कारण कधी कधी एवढंच असायचं. 😅 गाचा क्लबमध्ये मग १० मुख्य आणि ९० जादा असे १०० झाले, रंगही जवळजवळ कशालाही कुठलाही देता यायला लागला, ६०० च्या वर पोझ, एका सीनमध्ये १० जण, शिवाय निवेदक. स्वर्ग!! पण खरं सांगू, आमच्यातल्या बऱ्याच जणींच्या गोष्टी तिथे बसल्या. १०० जण नटवण्यातच सुट्टी संपली.

पिक्सेलपंडित

टेक्निकल अवांतर. ही पात्रं हलत नाहीत, पोझ बदलते फक्त. तरी मुलं त्यांना बोलताना दाखवतात ते कसं, तर तेच पात्र बंद तोंडाचं, अर्धवट उघड्या तोंडाचं आणि उघड्या तोंडाचं असे तीन स्क्रीनशॉट, आलटून पालटून. डोळे मिटवायचे तर तसंच. मागे सपाट हिरवा रंग ठेवायचा, एडिटिंगमध्ये तो उडवायचा आणि पात्र दुसऱ्या चित्रावर आणून बसवायचं. केसांची सावली, अश्रू आयबिस पेंट या चित्रं काढायच्या ॲपमध्ये हाताने. म्हणजे "आयत्या" बाहुलीवर हळूहळू हातची कला चढत जाते आणि एक दिवस खाली गाचा उरतच नाही, मूल स्वतःच चित्र काढायला लागलेलं असतं. हे मी घरातल्या मुलीच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय. आता ती गाचाला "लहान मुलांचं" म्हणते. वय वर्षे १५.

खडूस_काका

तीन तोंडांची ट्रिक भारी आहे. मान्य.

बाकी मत कायम.

रात्रपाळी

उशिरा आले धाग्यावर. मी इथे एक वेगळी तक्रार मांडते, मुलांनी उभं केलेलं मोठ्यांनी कसं हलवलं त्याची.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लहान मुलांची माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात यूट्यूब आणि गूगलला १७ कोटी डॉलर दंड झाला, आणि मग जानेवारी २०२० पासून प्रत्येक व्हिडिओ "मुलांसाठी आहे की नाही" हे सांगणं भाग पडलं. मुलांसाठी म्हटलं की खालच्या कमेंट बंद. हेतू चांगलाच होता, सावध_पालक म्हणतात तसे धोके आहेतच. पण गाचाचे व्हिडिओ दिसायला कार्टून, करणारी १३-१४ ची, बघणारी १०-१२ ची, मग हे कुठे बसवायचं? आणि या मुलांचं सगळं कमेंटमध्येच चालायचं. "पुढच्या भागात तिला मारू नकोस", "माझा ओसी घेशील का गोष्टीत", "आवाज द्यायला कुणी हवंय का". माझी पुतणी तेव्हा एक मालिका करत होती आणि दर भागाचा शेवट कमेंटमधल्या मतांवर ठरवायची. तिने घाबरून स्वतःच सगळे व्हिडिओ मुलांसाठीचे म्हणून टाकले. कमेंट गेल्या. दोन भाग आणखी केले आणि थांबली. म्हणाली आता कुणासाठी करू?

मोरपीस२२

अगदी माझ्या मनातलं. आमच्या भाच्याचं उलट, त्याला बघणारे नकोच असतात, तो फक्त दोन मित्रांत फिरवतो. एकाने पात्रं करायची, एकाने गोष्ट सांगायची, भाचा आवाज काढतो. सगळे आवाज तोच, आजीचा सुद्धा. आजीचा आवाज आमच्या आईसारखा आहे आणि आईला अजून कळलेलं नाही.

अर्धवटराव

तुमच्या आईला माझ्याकडून दंडवत. आणि भाच्याला एक सल्ला, कळू देऊ नकोस.

सावध_पालक

अपडेट. निळी_शाईंचं ऐकून काल जेवताना मुलाला सहज म्हटलं, तुझ्या त्या गेममध्ये कोण कोण होतं रे. आता तो १३ चा आहे, मला वाटलं उडवून लावेल. पाऊण तास बोलत होता. नावं, कुणाचं कुणाशी वैर, कुणाच्या डोळ्याखाली व्रण का आहे. एक पात्र होतं म्हणे जे फक्त दुसऱ्याची छत्री धरून उभं राहायचं, कधी काही बोललंच नाही. मी विचारलं का? म्हणाला, "त्याचं अजून ठरलं नव्हतं."

बायको उठून आत गेली. मी भांडी घासली.

मास्तरीण

🙏

खडूस_काका

छत्रीवाल्याचं आता ठरवा म्हणावं.

मास्तरीण

उंबरठाताई, तुमच्या मुलीच्या त्या न दिसणाऱ्या थोरल्या बहिणीकडे मी पुन्हा पुन्हा येतेय. ११ व्या वर्षी एवढा संयम? जी गोष्टीच्या मध्यावर आहे तिला दाखवायचंच नाही, फक्त तिची अक्षरं येऊ द्यायची. गैरहजेरीतून माणूस उभं करणं मोठमोठ्यांना जमत नाही हो. आणि शेवट दारावर! बाहेर कोण आहे हे वाचणाऱ्यावर सोडलंय. मला तर वाटतं घरात कुणी दूर राहायला गेलंय का, तिला कुणाची आठवण येते का, हे हळुवारपणे विचारून बघा.

रात्रपाळी

मलाही तसंच वाटलं वाचताना. पत्रं हा फार हळवा प्रकार निवडलाय तिने.

पिक्सेलपंडित

किंवा थोरली म्हणजे तिचंच मोठं झालेलं रूप? स्वतःला लिहिलेली पत्रं? मी जरा जास्तच वाचतोय का.

उंबरठा

सगळ्यांना उत्तरं द्यायची राहिली, ऑफिस आणि घर यात दोन दिवस गेले. आधी खूप खूप आभार. टॅब राहणार आहे. व्हिडिओ बघायचे ते हॉलमध्ये, गेम कुठेही, असं ठरलंय. कुठे काही टाकायचं झालं तर आधी आम्ही दोघी बसून बघणार, हेही तिने फार खळखळ न करता मान्य केलं. आणि ४६ सीन झाल्यावर मला दाखवायचं होतं म्हणे, मी आधीच वाचल्यामुळे एक दिवस रुसवा होता.

तर मास्तरीणबाई, तुम्ही लिहिलंत तेच माझ्याही मनात होतं, म्हणून रात्री तिच्याजवळ बसून अगदी जपून विचारलं, की राणी, ती थोरली बहीण कुठेच दिसत का नाही गं? तिने माझ्याकडे असं बघितलं की हिला एवढंही कळत नाही.

"आई, स्लॉट संपले होते."

अर्धवटराव

🤣🤣🤣 पंडितजी, "मोठं झालेलं रूप" पुन्हा एकदा समजावता का?

पिक्सेलपंडित

मी या धाग्यावर कधी आलोच नव्हतो.

मास्तरीण

मी पण नाही. 😄

निळी_शाई

मी वाचताक्षणी ओळखलं होतं पण म्हटलं गप्प बसू, सगळे किती छान बोलताहेत. तिला सांगा गाचा क्लबमध्ये १०० आहेत, आता थोरलीला आरामात आणता येईल. दाराबाहेर उभी करता येईल.

उंबरठा

सांगितलं. ती आत्ता शेजारीच आहे, हा धागा वाचतेय आणि तुम्हा सगळ्यांना हसतेय. ती म्हणते गाचा क्लब आहे तिच्याकडे, महिनाभर झाला. थोरली बहीण करून पण बघितली, तीनदा. केस लांब, केस आखूड, चष्मा लावून.

मग पुसून टाकली. म्हणते पत्रातलीच बरी होती.